वाचलेलं सगळ्यांचं, लिहिलेलं कुणाचं?

गेल्या वर्षी आत्या गेली. तिच्या राजाजीनगरच्या घरातली पुस्तकं हलवायला आम्हाला एक दुपार पुरली. सव्वातीनशेच्या आसपास होती. कादंबऱ्या वरच्या मजल्यावरच्या मराठी कुटुंबाने नेल्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे तिच्या भिशीतल्या एका मैत्रिणीने, पोथ्या देवळात गेल्या, आणि उरलेलं मी दोन पिशव्यांतून घरी आणलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही. वाचून झालेलं पुस्तक पुढच्याच्या हातात द्यायचं असतं, हे आम्हाला आत्यानेच शिकवलं होतं.

अडलं ते कपाटाच्या खालच्या खणापाशी. तिथे सत्तावीस डायऱ्या निघाल्या. बँका नववर्षाला फुकट देतात तसल्या, रेक्झिनच्या पुठ्ठ्याच्या. पहिली 1979ची, शेवटची 2011ची, मधली काही वर्षं गाळलेली. माझ्या आतेबहिणीने एक उघडली आणि मिटली. ती बंगळुरूतच वाढली. शाळेत कन्नड आणि इंग्रजी, देवनागरी तिसऱ्या भाषेतल्या हिंदीपुरती. छापलेलं मराठी ती सावकाश वाचते. आईचं एकात एक गुंतलेलं, शिरोरेघ न दिलेलं अक्षर तिला लागत नाही. ती म्हणाली, “ताई, तुला तिचं अक्षर लागतं. तू वाच आणि सांग, ठेवायच्या की नाही.”

मी भाषांतरकार आहे. दुसऱ्याने लिहिलेलं वाचणं आणि ते पुन्हा लिहिणं यावर माझं घर चालतं. तरी त्या पिशव्या तीन आठवडे माझ्या टेबलाखाली तशाच होत्या. पुस्तकांच्या पिशव्या मी त्याच रात्री उपसल्या होत्या. हा फरक कशाचा, हे शोधताना मी पुन्हा काही पुस्तकांकडे वळले. हा लेख त्यातून आला आहे.

मराठीत आपण ‘लेखन-वाचन’ असं एका दमात म्हणतो. लिहिता-वाचता येणारा माणूस, लिहिणारी-वाचणारी मंडळी. जणू एक आलं की दुसरं आपोआप येतं. भारताच्या जनगणनेतही साक्षर तोच, ज्याला सात वर्षांनंतर कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता आणि वाचता येतं. ज्याला फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही, तो जनगणनेच्या लेखी निरक्षर. व्याख्या म्हणून ती सोयीची असेल, पण तिने एक मोठी गोष्ट झाकली जाते. कित्येकांच्या आयुष्यात या दोन गोष्टींमध्ये वर्षानुवर्षांचं अंतर होतं, आणि ते अंतर शिकण्याच्या वेगाचं नव्हतं.

बंगालमधल्या राससुंदरी देवींचं उदाहरण घ्या. त्यांचं ‘आमार जीवन’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापलं गेलं, आणि बंगालीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. मोठ्या घरची सून, एकामागून एक बाळंतपणं, आणि बायकांनी पुस्तकाला हात लावणं म्हणजे घराला बट्टा. त्यांनी ‘चैतन्य भागवता’चं एक पान सुटं करून घेतलं, मुलगा अक्षरं गिरवत असे ते ताडपत्र मिळवलं, आणि स्वयंपाकघरात दोन्ही लपवून अक्षराशी अक्षर जुळवत त्या वाचायला शिकल्या. एवढं कष्टाने कमावलेलं वाचन हाती आल्यावर लिहिणंही लगेच यायला हवं होतं. तसं झालं नाही. लिहिणं फार उशिरा आलं. मुलगा शिकायला दूर गेला, आपल्या पत्रांना आई उत्तर का देत नाही असं विचारू लागला, आणि त्यानेच कागद-दौत हाती ठेवली तेव्हा. मधल्या सगळ्या वर्षांत आपल्या जनगणनेने त्यांना निरक्षरांच्या रकान्यात टाकलं असतं. पोथ्या वाचणारी निरक्षर बाई.

मधल्या वर्षांत अडचण कागदाची होती, दौतीची होती, वेळेची होती. हे सगळं खरंच. चुलीपाशी बसून एका हाताने पान सावरत वाचता येतं. लिहायला बैठक लागते, सपाट जागा लागते, दोन्ही हात रिकामे लागतात. पण वाचणं लपवणं आणि लिहिणं लपवणं यांतला फरक एवढ्यावर थांबत नाही. वाचताना पकडलं गेलं तर पुस्तक हिसकावून घेता येतं. वाचलेलं डोक्यात राहतं आणि तिथे कुणाचा हात पोचत नाही. लिहिलेलं सापडलं तर डोक्यातलंच दुसऱ्याच्या हाती लागतं. वाचणारीचा गुन्हा असलाच तर कृतीचा, लिहिणारीचा मजकुराचा. आणि मजकूर पुन्हा पुन्हा काढून दाखवता येतो.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ मराठी उदाहरण फलटणचं आहे. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि 1986मध्ये पुस्तकरूपाने. माया पंडित यांनी ते ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ या नावाने इंग्रजीत नेलं. ती आवृत्ती 2008ची. सोबत त्यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखतही आहे. त्या मुलाखतीतला एक तपशील मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. बेबीताईंचं छोटं किराणा दुकान होतं. माल बांधायला रद्दीतली वर्तमानपत्रं यायची. पुड्या बांधता बांधता त्या ती वाचायच्या. हे वाचन दुकानात, गल्ल्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर चालायचं. आणि त्याच दुकानात बसून त्या जे लिहीत होत्या, ते मात्र घरच्यांच्या भीतीने अडगळीत, कुणाचा हात जाणार नाही अशा जागी लपवलेलं होतं. जवळजवळ वीस वर्षं. फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या ते नजरेस आलं आणि त्यांनी धीर दिला म्हणून ते बाहेर पडलं.

एकच बाई, एकच दुकान, एकच रद्दी. वाचन उघड्यावर, लेखन अडगळीत. आंबेडकरांच्या चळवळीत वाढलेल्या, शिकलेल्या, मुलांनाही शिकवणाऱ्या या बाईला वाचायची चोरी नव्हती. ‘शिका’ हा तर चळवळीचा पहिला शब्द. लिहिण्याची चोरी होती, कारण तिच्या लिहिण्यात गावकुसाबाहेरचं दैन्य होतं तसं घरातलं, आपल्याच पुरुषांच्या हातचंही होतं. वाचन माणसाला समाजात आणतं. खासगी लेखन त्याला त्याच समाजाविरुद्ध साक्षीला उभं करू शकतं. म्हणून समाज पहिल्याला टाळ्या देतो आणि दुसऱ्याकडे सावधपणे पाहतो.

टाळ्या किती, ते बघा. महाराष्ट्रात 2015पासून 15 ऑक्टोबर हा अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. इथे बंगळुरूत आम्ही मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर भरतो. 1965च्या कर्नाटकातल्या कायद्याने घराघरातून वाचनासाठी पैसा गोळा होतो. कब्बन पार्कातली शेषाद्री अय्यर स्मारकाची लाल इमारत वाचणाऱ्यांसाठी उभी आहे, आणि मी स्वतः तिथे कितीतरी दुपारी काढल्या आहेत. मला याची तक्रार नाही. पण खासगी लिहिण्याला अशी सार्वजनिक जागा नाही, आणि असूही शकत नाही. त्याची संस्था म्हणजे ट्रंक, गादीखालची जागा, कपाटाचा खालचा खण.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. मराठीत स्त्रियांनी स्वतःबद्दल लिहिण्याची परंपरा जुनी आहे. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ 1910चं. त्यांना तर खुद्द नवऱ्यानेच लिहा-वाचायला शिकवलं. विरोध झाला तो घरातल्या बायकांकडून, आणि तोही वाचनालाच झाला. मग लेखन अधिक धोक्याचं, हे म्हणणं टिकतं का?

टिकतं, असं मला वाटतं. त्यासाठी पुस्तकाच्या नावाकडे पाहावं लागेल. रमाबाईंना वाचन मिळालं ते माधवरावांच्या इच्छेने, आणि त्यांनी लिहिलं ते माधवरावांच्या निधनानंतर, माधवरावांविषयी. स्वतःविषयी लिहिण्याची वाट पतीच्या आठवणींतून काढली, म्हणून ते लेखन घरातही बसलं आणि समाजातही. त्या पुस्तकाच्या दोन इंग्रजी अवतारांनी हे उघडच करून टाकलं. 1938च्या कॅथरीन गेट्स यांच्या भाषांतराचं नाव आहे ‘हिमसेल्फ’. कुसुमावती देशपांडे यांच्या 1963च्या भाषांतराचं नाव ‘रानडे: हिज वाइफ्स रेमिनिसन्सेस’. मराठी नावात निदान ‘आमच्या’ होतं, त्यात दोघं होती. पहिल्या इंग्रजी नावात एकटे ‘ते स्वतः’ उरले. दुसऱ्यात ती आहे, पण ‘त्यांची पत्नी’ म्हणून. उपशीर्षकात आत्मचरित्र म्हटलेल्या पुस्तकाच्या दर्शनी नावात दुसराच माणूस असावा, ही गंमत भाषांतरकारांची चूक म्हणून सोडून देता येत नाही. मूळ पुस्तकात जी तडजोड आहे तीच त्यांनी मोठ्या अक्षरात छापली.

आता शेजारी ‘जिणं आमचं’ ठेवा. इथेही ‘आमचं’च आहे. पण रमाबाईंचं ‘आमच्या’ दोघांचं, आणि बेबीताईंचं अख्ख्या महारवाड्याचं. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे. ‘आपलं जिणं’ म्हटलं असतं तर ऐकणाराही त्यात आला असता. ‘आमचं’ म्हटल्यावर वाचक उंबऱ्याबाहेर उभा राहतो. इंग्रजी ‘वुई’मध्ये हा उंबरा नाही. माया पंडित यांनी नाव बदलून तुरुंग फोडल्याची कृती पुढे आणली. ती निवड मला समजते, पण त्या नावात वाचकाला आयती जागा मिळते, जी मूळ नावाने दिली नव्हती. त्याच वर्षी पुस्तकरूपात आलेल्या शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’त तर सरळ ‘माज्या’ आहे, तेही प्रमाण मराठीला न जुमानता. ‘आमच्या’, ‘आमचं’, ‘माज्या’. वाचक म्हणून आपल्याला हे शब्द निवडावे लागत नाहीत. लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं की मी कोण आणि किती जणांच्या वतीने बोलते आहे. वाचन आणि खासगी लेखन यांच्यातला हा मला सर्वांत मूलभूत वाटणारा फरक. वाचताना ‘मी’ बाजूला ठेवता येतो, किंबहुना ठेवल्यानेच सुख मिळतं. लिहिताना तो कुठल्या वचनात, कुठल्या बोलीत मांडायचा, हे टाळता येत नाही.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. वाचनातूनच लेखन येतं, ही आपली आवडती शिडीही नेहमी खरी नसते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने टिपून ठेवली आणि त्या गेल्यानंतर 1952मध्ये ती पुस्तक झाली. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. गाणाऱ्या बहुतेकींचा अक्षराशी संबंध नव्हता. स्वतःचं म्हणणं मांडायला पुस्तक वाचलेलं असावं लागतंच असं नाही. पण ओवी जात्यावर, शेजारणीच्या कानावर पडत जन्मते. तिला ऐकणारी असते आणि पुरावा राहत नाही. ओवीतलं सासुरवाशिणीचं दुःख गाणारीचं एकटीचं म्हणून तिच्यावर उलटवता येत नाही, कारण ते सगळ्यांचंच असतं. डायरीला ही सोय नाही. तिथे अक्षर तुमचं असतं आणि वर तारीख असते.

अशी वही मागे राहिली आणि ती वाचता येणाऱ्याच्या हाती पडली की काय होतं, यावर आपल्याच शहरातल्या लेखिकेने एक कादंबरी लिहून ठेवली आहे. शशी देशपांडे धारवाडला जन्मल्या. वडील कन्नड नाटककार श्रीरंग, आई मराठी, लेखन इंग्रजीत, आणि मुक्काम अनेक वर्षं बंगळुरूत. या नियतकालिकाच्या वाचकांना असं घर परकं वाटणार नाही. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या त्यांच्या ‘द बाइंडिंग व्हाइन’मध्ये ऊर्मीच्या हाती तिच्या फार पूर्वी वारलेल्या सासूची, मीराची वह्या-कागदांची ट्रंक येते. मीराची डायरी इंग्रजीत आहे आणि कविता कन्नडमध्ये. ऊर्मी त्या कवितांचं भाषांतर करू लागते. डायरीतून तिला कळतं की मीराचं लग्न म्हणजे नको असलेल्या देहसंबंधांची रात्रीमागून रात्र होती. ऊर्मी हे छापायचं म्हणते तेव्हा तिची जिवलग मैत्रीण आणि नणंद वना बिथरते. तिच्या बाजूने बघा: मीराचा नवरा हा वनाचा बाप आहे.

ही कादंबरी स्त्रीच्या दडपलेल्या आवाजाची म्हणून वाचली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण या वेळी मला तिच्यात दुसरं काही दिसलं. मीराच्या वाचण्याला कुणाची हरकत नाही. ती शिकलेली आहे, कविता ओळखते. एका नावाजलेल्या कवीला ती धीर करून आपल्या कविता दाखवते आणि तो म्हणतो की बायकांना कवितेची गरज काय, त्यांना मुलं होतात तेवढं पुरे. त्याच्या कविता तिने वाचायला त्याची ना नसणार. वाचक म्हणून ती हवीच आहे. ती लिहू लागली की मात्र तिच्या जागेचा प्रश्न येतो. आणि दुसरं असं, की वनाचा राग मला आधी जुनाट वाटला होता. विशीत वाचलं तेव्हा मी पूर्णपणे ऊर्मीची होते. आता चाळिशीत, टेबलाखाली पिशव्या असताना, वना मला कळली. ऊर्मीने मीराला कधी पाहिलेलंही नाही. तिच्यासाठी मीरा हा एक मजकूर आहे. वनाला मात्र रोज ज्या माणसाला ‘बाबा’ म्हटलं, त्याच्याबद्दल ते पान आहे. कादंबरी ऊर्मीच्या बाजूने झुकते, पण वनाला खोटं ठरवत नाही. हे तिचं बळ आहे.

शेवटी मी डायऱ्या वाचल्या. तीन महिने लागले.

आधी निराशा झाली हे कबूल करते. दूध नासलं, गॅस संपला, पाऊस, भाडेकरूचं भाडं आलं, आतोबांची शिफ्ट बदलली. प्रत्येक डायरीच्या शेवटच्या पानावर त्या वर्षात वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि पुढे एका शब्दाचा शेरा: ‘छान’, ‘लांबण’, ‘रडू आलं’, ‘उगाच’. वर्षाला तीस-चाळीस पुस्तकं. माझ्यातल्या भाषांतरकाराला त्या याद्यांचाच आधार वाटला. वाचणारी आत्या माझ्या ओळखीची होती.

मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. आत्या पुण्याला माझ्या आईला पत्रं लिहायची. त्यातली काही आईने ठेवली आहेत. पत्रांतली भाषा तिच्या पुस्तकांची आहे, घोटीव, पुणेरी. तिथे ती ‘आमटी’ लिहिते, ‘भाजी’ लिहिते, ‘कोथिंबीर’ लिहिते. डायरीत त्याच आठवड्यात ‘सारू’ आहे, ‘पल्या’ आहे, ‘कोत्तंबरी’ आहे. 1968मध्ये लग्न होऊन बंगळुरूला आलेली ही बाई दहा-बारा वर्षांत स्वतःशी असं बोलू लागली होती, आणि ते तिने माहेरी कधी कळू दिलं नाही. वाचनाने तिची एक मराठी राखली. डायरीने दुसरीच दाखवली, जी तिची होती. माहेरच्या भाषेत एक शब्दही कमी झाला नाही असं भासवण्याचे किती कष्ट ती पत्रांत घेत असेल, हे फक्त दोन्ही शेजारी ठेवल्यावर कळतं. समीक्षेत आपण पत्र आणि डायरी यांना ‘वैयक्तिक लेखन’ म्हणून एकाच खणात घालतो. पण पत्राला वाचक असतो, आणि वाचक आला की माणूस केस नीट करतो. ॲन फ्रँकचं ठाऊकच आहे. 28 मार्च 1944ला रेडिओवरून डच मंत्र्याने युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा असं आवाहन केलं, आणि मे महिन्यात ती मुलगी आपलीच डायरी प्रकाशनाच्या विचाराने पुन्हा लिहायला बसली. तिचं दुसरं लेखन खोटं नाही. पण ते वाचकाकडे तोंड करून बसलेलं आहे.

आणि 1996. त्या वर्षी आतोबांना पक्षाघात झाला. डायरीच्या शेवटच्या पानावरची पुस्तकांची यादी कोरी आहे. एकही नाव नाही. आणि एरवी तीन ओळींत आटपणारा दिवस त्या वर्षी पान भरून पुढच्या तारखेच्या पानावर सांडतो. वाचन बंद झालं आणि लेखन वाढलं. आधी मला वाटलं, वेळ नव्हता म्हणून वाचन सुटलं असेल. पण लिहायलाही वेळ लागतोच, आणि तो तिने काढला. आजारी माणसाच्या उशाशी बसून वाचणं तसं सोपं. ती मात्र लिहीत होती. दुसऱ्याच्या आयुष्यात जाऊन बसायची ताकद त्या वर्षी तिच्यात नसावी, किंवा इच्छा नसावी. औषधांच्या वेळांमध्ये तिने एके ठिकाणी नवऱ्यावर चिडल्याचं लिहिलं आहे, मग ते खोडलं आहे, आणि खाली पुन्हा तेच लिहिलं आहे. वाचनात असं खोडून पुन्हा तेच म्हणण्याला जागा नसते. 1998च्या यादीत पुन्हा बावीस पुस्तकं आहेत आणि दिवस तीन ओळींवर आले आहेत.

यावरून ‘दुःखात माणूस लिहितो आणि सुखात वाचतो’ असा नियम करायला मी धजणार नाही. राससुंदरींना वाचनच तारून नेत होतं. पण एवढं म्हणेन की या दोन गोष्टी एका नाण्याच्या दोन बाजू नाहीत. त्या घरातल्या दोन खोल्या आहेत, आणि आत्या एकीत असायची तेव्हा दुसरीचा दिवा मालवलेला असायचा. आपण समीक्षक मंडळी लेखकाच्या डायऱ्या वाचतो त्या त्याने काय वाचलं हे शोधायला, प्रभाव दाखवायला. आत्याच्या 1996मध्ये प्रभाव शोधायला गेलं तर हाती काही लागणार नाही. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात गंभीर लेखन तिच्या वाचनाला पाठ करून झालं आहे.

मी स्वतः विशीपर्यंत डायरी लिहायचे. भाषांतर करू लागल्यावर सुटली. लोक म्हणतात, तू तर रोज लिहितेस. मी रोज लिहिते ते वाचणंच असतं, जरा जास्त सावध. तिथे ‘मी’ कुठल्या वचनात मांडायचा हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. आत्याच्या डायऱ्यांनी मला हे सांगितलं, आणि ते ऐकायला फारसं बरं वाटलं नाही.

आतेबहिणीला उत्तर द्यायचं होतं. तिचा पहिला प्रश्न ‘ठेवायच्या का’ हा होता. काही दिवसांनी फोनवर खरा प्रश्न आला: “त्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय?” ते 2001च्या डायरीत आहे, तिच्या लग्नाच्या वर्षात. चार ओळी आहेत. वाईट नाहीत, पण आई मुलीला तोंडावर म्हणणार नाही अशा आहेत. ते भाषांतर करून तिच्या इंग्रजीत सांगणं मला दहा मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही. तिला म्हटलं, तू अक्षर शिक, मी बसते शेजारी.

आता दर रविवारी ती येते. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही 1979पासून सुरुवात केली आहे. आईचा ‘झ’ आणि ‘भ’ तिला आता ओळखू येतात. ‘सारू’ वाचून ती हसली, “हे तर आमचंच,” म्हणाली. गेल्या रविवारी तिने विचारलं, “ताई, 2001ची आधी काढू या का?” मी म्हटलं, क्रमाने जाऊ. हे मी अक्षर पक्कं व्हावं म्हणून म्हणाले, की वनासमोर ऊर्मी व्हायचं टाळायला, हे मला ठरवता आलेलं नाही. या घडीला आम्ही 1982च्या मार्चमध्ये आहोत.